जास्वंदीचं पाणी

हे आजवर माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. नवऱ्यानं नाही, पोटच्या लेकीनं नाही. आईला ती जाण्याआधी सांगावं असं फार मनात होतं, पण राहून गेलं. राहून गेलं म्हणते खरी — मीच राहू दिलं. आता संस्थान गेलं, राजाचं राज्य जाऊन दुसरं आलं, ज्यांच्या धाकानं तोंड मिटलं होतं ती माणसंही एकेक करून गेली. मग आता कशाची भीती? तरी बघा, सांगायला बसले की जीभ दुसरीकडेच वळते. तुम्ही जरा धीर धरा. मी येते तिथवर, पण एकदम नाही येता येत.

केसांपासून सुरुवात करते. सगळं केसांचंच आहे.

माझं माहेर भोरचं. वडील पेठेत एका भुसाराच्या दुकानात धान्य तोलायचे. आईचे केस कुरळे होते, आणि कुरळे म्हणजे किती — ओले असताना कमरेला टेकायचे आणि वाळले की चढून मानेवर बसायचे. माझे वडिलांवर गेलेले, सुतळीसारखे सरळ. देवानं द्यायचं ते मला दिलं नाही, पण त्याची चाकरी मात्र माझ्याकडे दिली. आईला मागचं दिसायचं नाही, म्हणून समजायला लागल्यापासून तिच्या डोक्याला माझाच हात.

तिचे नियम ठरलेले. कुरळ्या केसाला फणी दाखवायची नाही. कोरड्या केसात तर बोटसुद्धा घालायचं नाही. जास्वंदीची पानं पाण्यात भिजत घालायची, हातानं चुरून चुरून त्याचं बुळबुळीत पाणी काढायचं, फडक्यातून गाळायचं. शिकेकाईनं न्हाऊन झालं की ते पाणी केसांना चोपडायचं. मग बोटांनी बटा सोडवायच्या, मग रुंद दातांचा लाकडी कंगवा, आणि तोही खालून वर — टोकं आधी, मूळ शेवटी. सुटल्या की एकेक बट बोटाभोवती गुंडाळून सोडून द्यायची. लुगड्यानं खसाखसा पुसायचं नाही, जुन्या मऊ धोतरानं नुसतं टिपायचं. निजताना सैल वेणी. आई म्हणायची, केस ऐकतात गं, पण हळू सांगितलं तर. मला वाटायचं, काय हे नखरे! पण ते सगळं माझ्या बोटांत उतरलं होतं.

चौथी झाल्यावर फार दिवस घरी ठेवलं नाही. लग्न झालं आणि मी गुंजवण्याला आले — राजगडाच्या अगदी पायाशी. घरात सासरे, सासूबाई, आमचे हे, आणि यांची धाकटी बहीण हौसा.

हौसाचं डोकं मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आईच आठवली. तसेच केस — त्याहून दाट. पण त्यांची दशा काय सांगू! सासूबाई उंबऱ्यात बसून तिला पायांच्या मधे धरायच्या आणि उवांची बारीक फणी घेऊन कोरडे केस वरून खाली ओढायच्या. पोर किंचाळायची. सासूबाई म्हणायच्या, "केस न्हाईत, काटवन हाय मेलं." गावात त्या केसांचं कुणाला कौतुक नव्हतं. अशा केसाची पोरगी हट्टी निघते असंच सगळे म्हणायचे.

मी नवी सून. तोंड वर करून बोलायची सोय नव्हती. पण पुढच्या न्हाणाला मी परड्यातल्या जास्वंदीची पानं आणली आणि सासूबाईंना म्हटलं, मी बघू का? त्यांच्या डोक्याचा ताप गेला, त्यांनी फणी टाकून दिली. हौसा आधी खांदे आवळून बसली होती, ओढ बसण्याची वाट बघत. ओढ बसलीच नाही. थोड्या वेळानं तिचे खांदे खाली आले. तिनं मागं वळून माझ्याकडे बघितलं — ते बघणं मला अजून दिसतं.

त्या दिवसापासून ती माझी. दुसरं काही म्हणता येत नाही. न्हाणाच्या दिवशी सगळ्यात आधी पानं तीच खुडून आणायची आणि माझ्यापुढं पाठ करून बसायची. मग तिच्या गप्पा. ती रुसलीय की हसतेय हे मला तिच्या मानेवरून कळायचं. नागपंचमीला झोक्यावर बसली की कपाळावरच्या बटा उडायच्या, आणि ज्या बाया काटवन म्हणायच्या त्याच विचारायच्या, काय लावता गं? कामथडीचं एक चांगलं घर तिला बघायला आलं. मुलाच्या आत्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हात तसाच ठेवला. पोरगी पसंत पडली. भातं निघाली की बोलणी पक्की करायची असं ठरलं. हौसा चौदा-पंधराची होती. ती स्वतः कामथडीचं नाव घ्यायची नाही, पण दुसरं कुणी घेतलं की पदर तोंडात धरायची.

आणि मी? माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता. सासूबाई समोरून काही बोलायच्या नाहीत. नुसतं, विंझरला अमक्याची मुलगी उपवर आहे, असं यांच्या ताटाशी बसून कुणाला तरी सांगायच्या. मी भाकरी थापत ऐकायची. तुम्हाला हे मी सबब म्हणून सांगत नाही. घरात काय चाललं होतं ते कळावं म्हणून सांगते.

आता ते पाणवठ्यावरचं. किती क्षुल्लक आहे बघा. आवणीच्या — भातलावणीच्या — आधीचे दिवस, विहिरीवर सात-आठ बाया. कुणीतरी हौसाच्या केसांचं कौतुक केलं, की तुझी वहिनी बरी एवढा वेळ घालते. हौसा हसून म्हणाली, "आमच्या वयनीला लेकरू न्हाई न्हवं, म्हून माझंच डोसकं घिऊन बसती."

बाया हसल्या. हौसाही हसली. तिनं ते कुजकेपणानं म्हटलं नव्हतं. उलट — आज मला वाटतं, तिला म्हणायचं होतं की मी तिला लेकरासारखी जपते. तिला तेवढे शब्द सुचले. पण बायांचं ते हसणं माझ्या अंगाला मिरची लागल्यासारखं लागलं. मी हंडा उचलला आणि घरी आले.

पुढच्या न्हाणाला ती पानं घेऊन आली, पाठ करून बसली. मी म्हटलं, मला वेळ नाही. ती म्हणाली, बरं, उद्या. उद्याही मला वेळ नव्हता. पानं ओसरीवर सुकून गेली. ती थोडे दिवस येऊन बसत राहिली. एकदा तर पानं न आणताच नुसती पाठ करून बसली. मी तिच्या मागून उठून गोठ्यात गेले. मग तिनं येणं सोडलं. तिचं काय चुकलं हेही मी सांगितलं नाही. का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर तिनं पाय धरले असते आणि माझा राग संपला असता. मला तो संपायला नको होता.

तेवढ्यात आवणी लागली. दिवसभर कमरेत वाकून, पाठीवर इरलं, त्याची कड मानेवर घासते, केस घामानं आणि पावसानं ओले ते ओलेच. हौसानं त्यांचा मुठीएवढा आंबाडा बांधला आणि वर दोरी आवळली. खाचरातला चिखल उडून त्यात वाळायचा. सोडायला गेली तर सुटेना, म्हणून तिनं सोडायचंच बंद केलं. सासूबाईंनी एकदा फणी घातली तर फणीचे दात मोडले. त्यांनी मोडलेली फणी बघितली आणि टाकून न देता फडताळात जपून ठेवली. ते जपून ठेवणं मी पाहिलं होतं.

इथवर आले, तर आता पुढचंही सांगते.

भातं पोटरीला आलेली. एका दुपारी हौसा ओसरीवर पालथी निजली होती. मी तिच्याजवळ बसले आणि मानेमागं हात घातला. लिंबाएवढी गाठ होती. वर घट्ट, आत अजून मऊ. माझ्या बोटांना कळलं — ही सुटते. पानांचं पाणी दोनदा चोपडायचं, तेलाचा हात द्यायचा, टोकाकडून एकेक केस मोकळा करायचा. एका दुपारचं काम होतं. मी हात काढून घेतला. मनात काय आलं सांगू? जाऊ दे कामथडीला असंच डोकं घेऊन. तिथली आत्या आता हात फिरवील तेव्हा बघू.

एवढंच मला हवं होतं. थोडीशी फजिती. त्याहून जास्त मी मनात आणलं नव्हतं — पण त्याला काय अर्थ आहे? घराला काडी लावणाराही म्हणेल, मला फक्त एक कुडाची भिंत जाळायची होती.

नवरात्राच्या तोंडावर सासूबाईंनी तिला न्हायला बसवलं आणि त्यांच्या हाताला ती गाठ लागली. तोवर ती लिंबाएवढी राहिली नव्हती, जाड दोरासारखी खाली लोंबायला लागली होती. सासूबाईंनी तांब्या खाली ठेवला आणि दोन्ही हात जोडले. "जट हाय," त्या म्हणाल्या. "आई आली माझ्या घरात."

आमच्याकडं जट आली म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांना सांगते. जट म्हणजे देवीचं बोलावणं. तिला कंगवा लावायचा नाही, कात्री तर नाहीच. जिच्या डोक्यात जट ती देवीची झाली, तिचं माणसाशी लग्न होत नाही. गळ्यात कवड्यांची माळ घालून, हातात परडी घेऊन तिनं दारोदार जोगवा मागायचा. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वाडीतल्या जोगतिणीला बोलावलं. तिनं बोटांनी गाठ चाचपली, मोडलेली फणी मागून घेऊन बघितली, आणि हौसाच्या कपाळाला भंडारा लावला. सासरे खांबाला टेकून बसले होते, ते रडले. मग उठून त्यांनी पोरीच्या पायांना हात लावला. कामथडीला निरोप गेला. तिकडून कुणी वादही घातला नाही. देवीशी कोण भांडणार?

आणि मी कुठं होते? तिथंच होते. भंडाऱ्याचं तबक मीच आणून दिलं.

त्या घरात, त्या गावात एकच माणूस असं होतं ज्याला पक्कं ठाऊक होतं की ती जट नाही, गुंता आहे. अडाणी सासूबाईंना मी दोष देत नाही. त्यांनी कुरळा केस कधी जाणलाच नव्हता. सरळ केस कितीही दिवस विंचरला नाही तर असा दोर होत नाही, मग हा कसा झाला? त्यांना देवीच दिसणार. मला जास्वंद दिसत होती, परड्यातली, पानांनी भरलेली.

दोन-तीन दिवस गेले. मग आम्ही दोघीच नदीवर धुणं घेऊन गेलो. पाणी उतरलं होतं. तिनं हातातलं लुगडं तसंच दगडावर ठेवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "वयनी, खरं सांग. जट हाय का गुता? तुज्याबिगर कुनाला ठावं असनार?"

हीच ती जागा. इथंच मला थांबायचं होतं आणि इथंच यायचं होतं.

मी काय सांगू शकत होते? गुंता आहे म्हटलं असतं, तर तो कुणी होऊ दिला हेही आलं असतं. देवीच्या बोलावण्याला खोटं म्हणणारी वांझ सून — सासूबाईंनी मला आल्या रस्त्यानं भोरला लावून दिलं असतं आणि विंझरची मुलगी घरात आणली असती. ही भीती होती, खरीच होती. पण तेवढंच म्हणून थांबले तर हेही खोटंच होईल. भीतीच्या आधी दुसरं काहीतरी आलं होतं. ती मला विचारत होती, तिचं सगळं माझ्या एका शब्दावर आलं होतं, आणि — मला बरं वाटलं. विहिरीवर हसणारी पोर आता हसत नव्हती, म्हणून बरं वाटलं. क्षणभरच. पण तेवढ्या क्षणात मी बोलून गेले होते.

"जट हाय, हौसा. देवीच्या कामात म्या कसा हात घालू?"

ती म्हणाली, "व्हय." आणि धुणं आपटायला लागली.

केसानं गळा कापला असं लोक म्हणतात. म्हणायची रीत आहे ती. मी ते करून दाखवलं.

पुढं तिच्या गळ्यात माळ पडली आणि जोगतीण तिला घेऊन गेली. नवरा नसलेल्या, देवाच्या नावानं मोकळ्या सोडलेल्या बाईचं गावोगावी काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, मी ते इथं मांडणार नाही. जट वाढत गेली. कमरेपर्यंत आली, ओली झाली की वाळायची नाही, तिला वास यायचा. तिच्या वजनानं हौसाची मान एका बाजूला कलली ती कललीच. मंगळवारी, शुक्रवारी कधी आमच्या गावात यायची तेव्हा स्वतःच्या बापाच्या दारात उभी राहून जोगवा मागायची. सासूबाई तिच्या पाया पडायच्या. मी सुपातून तांदूळ आणून परडीत घालायची. आम्ही एकमेकींच्या हातांकडे बघायचो.

एवढं झाल्यावर मला दिवस गेले. देवी पावली, सासूबाई म्हणाल्या. हौसाला वाहिली म्हणून देवीनं नातवंड दिलं! त्यांनी ते गावभर सांगितलं आणि मी मान खाली घालून ऐकलं. मुलगी झाली. वर्षाची होईतो तिचे केस वळायला लागले. आत्यावर गेली, सगळे म्हणाले, आणि म्हणताना जरा थांबले.

मी त्या पोरीच्या डोक्यातून हात काढला नाही. आवणी असो, कापणी असो, अंगात ताप असो — पानं, पाणी, बोटं, कंगवा. सासूबाई म्हणायच्या, येवढं काय गं करतीस? मी पुढची बट हातात घ्यायची. माझ्या लेकीच्या डोक्यात कधी गाठ झाली नाही. होणारच नव्हती. कशी होत नाही ते मला चांगलं ठाऊक होतं.

ती पाच-सहा वर्षांची असेल. शुक्रवार होता. मी अंगणात तिला पुढ्यात घेऊन बसले होते, केस जास्वंदीच्या पाण्यानं ओथंबलेले, अर्ध्या बटा सुटलेल्या. मान वर केली तर हौसा दारात. ती केव्हापासून उभी होती कुणास ठाऊक. मी उठायला लागले तर तिनं हातानंच बस म्हटलं. मग तिनं सगळं बघितलं. एकेक बट सुटताना, बोटाभोवती गुंडाळताना. पोर मधेच खिदळली तेव्हा तीही थोडी हसली. मला थांबता येत नव्हतं. शेवटची बट झाल्यावर मी तांदूळ आणले. तिनं परडी पुढं केली. तांदूळ पडले, तरी परडी मागं घेतली नाही.

"वयनी," ती म्हणाली, "हिच्यावर कदी रागावलीस तरी हिचं क्यास सोडू नगंस."

आणि गेली. कललेली मान, पाठीवर तो दोर.

म्हणजे तिला माहीत होतं. कधीपासून? नदीवर विचारलं तेव्हाच? मग विचारलं कशाला — मला एक संधी द्यायला? मी सांगीन असं तिला वाटलं होतं? मी तिच्या मागं धावत गेले नाही. दारात सूप घेऊन उभी राहिले, पोर ओल्या केसांनी आत पळाली, मग मी सूप जागेवर ठेवलं आणि चूल पेटवली.

हौसा पटकीच्या साथीत गेली, दुसऱ्याच गावात. कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. लेकीचं लग्न झाल्यावर परड्यातली जास्वंद मी मुळापासून तोडली. देवाला फुलं कुठली आणायची, असं शेजारणींनी विचारलं. मुंग्या फार होतात, मी म्हटलं.

गेल्या दिवाळीला लेक माहेरी आली होती. तिच्या पोटी मुलगी आहे, तिचेही केस तसेच. नातीचं डोकं विंचरता विंचरता लेकीनं सहज विचारलं, आई, आत्याला जट कशी गं आली होती? नदीवर हौसानं विचारलं होतं तसंच, माझ्याकडं न बघता. घरात तेव्हा आम्हा तिघींशिवाय कुणी नव्हतं. सासूबाई नाहीत, हे नाहीत, घाबरण्यासारखं कुणी उरलेलं नाही. मी तेलाची वाटी तिच्यापुढं सरकवली आणि म्हटलं, देवीची मर्जी.

जट नव्हती ती. गुंता होता. एका दुपारचं काम होतं.